वायतुरा : एका दुर्मिळ पाणवनस्पतीची ओळख व जतन

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मुळशी तालुक्यात, मुठा नदीच्या उगमाकडील खोरे आहे. हीच नदी पुढे टेमघर व खडकवासला या धरणांत अडविली जाते आणि पुणे शहरात मुळेस मिळते. या खोऱ्यातील मुठा व त्याच्या आसपासची गावे भाताची गावे होत. पावसाळ्यात येथे पाण्याची वाण नसते. खाचरे भरतात, ओहोळ वाहू लागतात आणि डोंगरमाथ्यावरील उघड्या खडकाच्या खळग्यांत वीत-दीड वीत पाणी साचते. दिवाळीनंतर हे खळगे कोरडे पडतात आणि पुढे सहासात महिने तेथे काळा खडक व मूठभर करपलेले गवत यांखेरीज काही दिसत नाही. असा भाग गावात 'पडीक' म्हणून ओळखला जातो. खडी काढणे, मुरूम नेणे, राडारोडा टाकणे किंवा तळे खोदणे यांसाठी प्रथम तोच सुचविला जातो.

पाणथळ खळग्यात उगवणाऱ्या वनस्पतींकडे सामान्यतः दोनच दृष्टींनी पाहिले जाते. खाचरात असल्यास ते तण व तळ्यात असल्यास ती जलपर्णी, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली परकी वनस्पती असून ती पाण्याचा नाश करते, हे खरे. परंतु आपल्या डबक्यांत व ओहोळांत वाढणाऱ्या बहुतेक पाणवनस्पती येथल्याच आहेत, त्यांपैकी काही फार थोड्या ठिकाणी आढळतात आणि क्वचित एखादी तर जगात केवळ सह्याद्रीतच असते. अशी वनस्पती कशी ओळखावी, तिचा दर्जा कसा ठरतो आणि ती राखण्यासाठी ग्रामकार्यकर्त्याने व शेतकऱ्याने काय करावे, हे समजण्यास 'वायतुरा' या वनस्पतीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. वायतुऱ्याचे प्रसिद्ध स्थान मुठा खोऱ्याच्या दक्षिणेस, त्याच सह्याद्रीच्या रांगेत, सातारा जिल्ह्यातील कासचे पठार हे होय. तेथे जे शिकावयास मिळते ते मुळशीच्या माळांवर जसेच्या तसे उपयोगी पडते.

वायतुऱ्याचा परिचय

कासचे पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असून समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे. पठाराचा माथा जांभ्या खडकाचा आहे. त्यावर मातीचा थर अतिशय पातळ, काही ठिकाणी बोटभर, तर काही ठिकाणी मुळीच नाही. पावसाचे पाणी या खडकात लवकर मुरत नाही, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पठारावर जागोजाग उथळ डबकी व संथ ओहोळ तयार होतात. वायतुरा वाढतो तो अशा ठिकाणी.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस' असे आहे. नावाचा उत्तरार्ध सातारा या स्थळावरून घेतला आहे. 'वायतुरा' हे मराठी नाव तिच्या तुऱ्याच्या आकारावरून पडले. पाण्यातून वर येणारा दांडा टोकाशी दुभंगतो व इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दिसतो.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. थिओडोर कुक या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. त्या ग्रंथात वायतुऱ्याचे नाव नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुंदरराघवन, कुलकर्णी व यादव या तीन अभ्यासकांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा कोठे विज्ञानाला ही जाती ठाऊक झाली. साताऱ्यासारख्या जुन्या शहरापासून काही कोसांवर, गुराख्यांच्या रोजच्या वाटेवर उगवणारी ही वनस्पती इतकी वर्षे नोंदीवाचून राहिली. तेव्हा आपल्या गावच्या माळावरील सर्व वनस्पती अभ्यासकांनी पाहूनच ठेवल्या असतील, असे कोणी गृहीत धरू नये.

ज्या कुळात वायतुऱ्याचा समावेश होतो त्या कुळात ही एकच प्रजाती असून तिच्या पन्नासहून अधिक जाती आफ्रिका, मादागास्कर, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांत आणि बेटांवर पसरल्या आहेत. मादागास्करची एक जाती पानांच्या जाळीदार नक्षीमुळे काचेच्या मत्स्यपेटीत हौसेने लावली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील एका जातीचा तुरा वायतुऱ्याप्रमाणेच दुभंगलेला असतो. तेथील लोक त्या तुऱ्यांची भाजी मटणाबरोबर शिजवून खातात आणि शेतकरी आपल्या शेततळ्यांत तिची लागवडही करतात. भारतात याच प्रजातीतील एका सामान्य जातीचे कंद काही भागांत खाल्ले जातात. ज्या वनस्पतीला आज आपण निरुपयोगी म्हणतो, तिच्या भाईबंदांना इतर देशांत पिकाचे स्थान मिळाले आहे, हे यावरून दिसून येईल.

ओळखीची लक्षणे

वनस्पती ओळखताना केवळ फुलाच्या रंगावर विसंबून राहू नये. रंग जागेप्रमाणे व वयाप्रमाणे बदलतो. पुढील पाच लक्षणे क्रमाने पाहावीत व पाचही जुळल्याशिवाय निर्णय करू नये.

१. जागा. पाणी उथळ, स्वच्छ व केवळ पावसाळ्यात साचणारे असावे. तळाशी खडक व त्यावर पातळ माती असावी. बारमाही खोल तळे किंवा गावचे सांडपाणी येणारा नाला ही या वनस्पतीची जागा नव्हे.

२. कंद व पानांची मांडणी. सर्व पाने एकाच ठिकाणाहून, मातीतील लहान कंदाच्या माथ्यावरून, झुबक्याने निघतात. पाण्यात लांबत जाणारी, पेरापेरांवर पाने असणारी फांदी या वनस्पतीस नसते. हे लक्षण पाहण्यासाठी झाड उपटण्याचे कारण नाही. पानाच्या देठावरून हळूच बोट खाली नेले असता देठ कोठे एकवटतात ते कळते.

३. पानाच्या शिरा. पान लांबट असून मुख्य शिरा पानाच्या लांबीने धावतात व त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या शिरा असतात. पान उजेडाकडे धरले असता ही शिडीसारखी रचना स्पष्ट दिसते.

४. तुरा. पानांच्या झुबक्यातून निघणारा दांडा पाण्यावर येतो व त्याच्या टोकास दोन शाखा फुटतात. दोन्ही शाखांवर बारीक फुले दाटीने बसलेली असतात. तुऱ्याचा रंग गुलाबी ते फिकट जांभळा दिसतो. या प्रजातीत कोवळा तुरा प्रथम एका पातळ वेष्टनात असतो व तुरा वाढताच ते गळून पडते. म्हणून अगदी कोवळ्या तुऱ्यावरून तो एकेरी की दुहेरी याचा निर्णय करू नये.

५. नर व मादी झाडे. वायतुऱ्यात नरफुले एका झाडावर व मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. पपईच्या बागेत नर व मादी झाडे वेगळी असतात, तसाच हा प्रकार आहे. भिंगातून पाहिल्यास नरफुलात केसर व मादीफुलात केवळ बीजकोश दिसतात. भिंग नसल्यास काही दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. ज्या तुऱ्यावर फळे धरली ते झाड मादी होय.

एका झाडावरून कधीही निष्कर्ष काढू नये. एका डबक्यातील निदान दहा झाडे पाहावीत. निसर्गात अपवाद असतातच. एखाद्या दांड्यास कधी जास्त शाखा फुटतात व एखाद्या दांड्याची एक शाखा मोडलेली असते.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

मुठा खोऱ्यातील खाचरांत व तळ्यांत आढळणाऱ्या कोणत्या वनस्पतींमुळे घोटाळा होण्याचा संभव आहे, ते आता पाहू.

पहिली वनस्पती वायतुऱ्याचीच बहीण, 'अ‍ॅपोनोजेटॉन नाटान्स' ही होय. ही जाती भारतात पुष्कळ ठिकाणी, तळ्यांत व भाताच्या खाचरांत आढळते. तिची पाने पाण्यावर तरंगतात, ती लांबट असून बुडाशी बहुधा हृदयाकार असतात. तिचा तुरा एकेरी असतो, त्यास शाखा नसतात. तिच्या प्रत्येक फुलात नर व मादी असे दोन्ही अवयव असतात. म्हणजे एकेरी तुरा दिसल्यास ती सामान्य जाती व दुभंगलेला तुरा दिसल्यास विशेष चौकशी, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

दुसरी 'पोटॅमोजेटॉन' या प्रजातीतील वनस्पती होय. तिचीही पाने तरंगतात व तुरा एकेरी असतो. परंतु तिला लांब खोड असून पाने त्या खोडावर पेरापेरांवर येतात व तुरा हिरवट किंवा तपकिरी असतो. केवळ दुसरे लक्षण पाहिले तरी हा घोटाळा मिटतो.

तिसरी 'ऑटेलिया' ही होय. तिची पाने झुबक्याने येतात, रुंद व पातळ असून पाण्याखाली असतात. परंतु तिला तुरा नसतो. प्रत्येक दांड्यावर तीन पाकळ्यांचे एकच फूल येते.

याखेरीज ओढ्याकाठी उभी वाढणारी, गुलाबी तुऱ्याची व खोडाच्या सांध्यांवर पातळ पापुद्र्याचे वेष्टन असणारी तणे असतात. त्यांचे तुरे दुरून फसवितात. त्यांचे खोड उभे व पेरेदार असते, म्हणून जवळ जाताच फरक कळतो. जलपर्णीचे देठ फुगीर व स्पंजासारखे असतात व ती मुळांसह पाण्यावर तरंगते, तेव्हा तिच्याविषयी घोटाळा होण्याचे कारणच नाही.

खाचरातील सामान्य जाती भाताच्या आड येत असल्यास शेतकऱ्याने ती बेणून काढण्यात काहीही गैर नाही. जतन करावयाचे ते दुर्मिळ जातीचे व तिच्या जागेचे. प्रत्येक पाणवनस्पतीचे नव्हे.

वर्षभराचा जीवनक्रम

वायतुऱ्याचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. उन्हाळाभर मातीत झोपलेला कंद पाणी मिळताच पाने फोडतो. पठारावरील बहुतेक फुलांचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. वायतुरा त्यांच्या आधी, पावसाच्या पहिल्या भरातच, फुलू लागतो. पुढे फळे धरतात, बी पाण्यात पडते व डबके आटत जाते. पाने कुजून नाहीशी होतात आणि कंद पुन्हा मातीत सुप्त राहतो.

या जीवनक्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, वर्षातील बराच काळ ही वनस्पती डोळ्यांना दिसत नाही. मार्चमध्ये केलेल्या पाहणीत 'येथे काही नाही' असा शेरा मारला गेला तरी कंद तेथेच असतात. दुसरी अशी की, तिचे सर्व भांडवल वीतभर मातीत आहे. ती माती खरवडली गेल्यास पुढील पावसात तेथे पाणी साचेल, परंतु वायतुरा उगवणार नाही.

नर व मादी झाडे वेगळी असल्यामुळे तिसरीही एक अडचण उत्पन्न होते. बी धरण्यासाठी सामान्यतः दोन्ही प्रकारची झाडे परस्परांच्या आसपास असावी लागतात. डबक्याचा अर्धा भाग बुजविला गेला व त्यात एका प्रकारची झाडे गेली, तर उरलेल्या भागात झाडे दिसतील, फुलेही येतील, पण बीजधारणा मंदावेल. असा ऱ्हास वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

'संकटग्रस्त' म्हणजे काय

जगातील प्राणी व वनस्पती यांची स्थिती ठरविण्याचे काम आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ही संस्था करते. तिची स्थापना १९४८ साली झाली व १९६४ पासून ती 'लाल यादी' तयार करीत आली आहे. या यादीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: असुरक्षित, संकटग्रस्त व अतिसंकटग्रस्त. वायतुऱ्यास यांपैकी मधली, म्हणजे संकटग्रस्त ही पायरी देण्यात आली आहे.

पायरी कोणती हे केवळ झाडे मोजून ठरविले जात नाही. एखादी जाती किती क्षेत्रावर पसरली आहे, याचाही हिशेब असतो. ज्या जातीचा एकूण विस्तार ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, किंवा जिने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, ती जाती संकटग्रस्त ठरू शकते. मात्र त्याबरोबर तिची वसतिस्थाने थोडी किंवा तुटक असणे, ती सतत कमी होत असणे, किंवा संख्येत मोठे चढउतार असणे, यांपैकी निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. अतिसंकटग्रस्त या पायरीसाठी हीच क्षेत्रे अनुक्रमे १०० व १० चौरस किलोमीटर अशी आहेत.

याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. जुलै महिन्यात एखाद्या डबक्यात वायतुऱ्याचे शेकडो तुरे एकदम दिसतात. ते पाहून 'ही वनस्पती दुर्मिळ कशी?' असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असे की, झाडे पुष्कळ असली तरी डबकी थोडी आहेत. एखाद्या घरात धान्याच्या दहा कणग्या आहेत, पण घर एकच आहे. त्यास आग लागली तर सर्वच गेले. वायतुऱ्याची स्थिती तशी आहे.

ऱ्हासाची कारणे

जांभ्याचे चिरे काढण्यासाठी सडे खणले जातात. रस्ता रुंद करताना कडेची डबकी प्रथम बुजतात. पवनचक्क्यांसाठी साताऱ्याकडील चाळकेवाडीसारख्या पठारांवर रस्ते व चौथरे झाले. फुलांच्या हंगामात पाहुण्यांची गर्दी होते व वाहने, पायदळ आणि कचरा यांमुळे उथळ डबक्यांची माती दबते किंवा ढवळली जाते. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील एकूण ३९ स्थळांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यामुळे पठाराची कीर्ती वाढली व तिच्याबरोबर गर्दीही वाढली.

गुरांच्या चराईविषयी मात्र सरसकट निर्णय देऊ नये. मर्यादित चराईने उंच गवत आटोक्यात राहते व खुज्या वनस्पतींना उजेड मिळतो. डबक्यात गुरे बसू लागली, शेण साठले व माती तुडविली गेली म्हणजे अपाय होतो. यास्तव चराई बंद करण्यापेक्षा गुरांना पाणी पिण्याची जागा वेगळी ठेवणे हा उपाय अधिक व्यवहार्य आहे.

शेततळ्याचा प्रश्न

आता मुठा खोऱ्यातील एक कल्पित, परंतु नेहमी घडण्यासारखा प्रसंग घेऊ. एका शेतकऱ्याची थोडी भातजमीन खाली व थोडा उघडा माळ वर आहे. माळावर पावसाळ्यात एक मोठा खळगा भरतो. पाणी तेथे आपोआप साचते, म्हणून शेततळे तेथेच खोदावे असे त्याला वाटते. ग्रामकार्यकर्ता जागा पाहण्यास एप्रिलमध्ये जातो. त्याला कोरडा खडक दिसतो व तो जागा योग्य ठरवितो. शेतकऱ्याची गरज खरी आहे आणि कार्यकर्त्याचा हेतूही चांगला आहे. तरीही येथे दोन चुका होतात.

पहिली चूक शेतीच्या दृष्टीने आहे. मुळशीकडील माळ काळ्या पाषाणाचा आहे. वीतभर मातीखाली कठीण खडक लागतो, तो फोडण्यास खर्च फार येतो आणि भेगाळ खडक फुटल्यास साठलेले पाणी झिरपून जाते. खळगा पाणी धरतो तो खडक अखंड असल्यामुळे. तो फोडल्यावर त्याचा तो गुण राहीलच असा भरवसा नाही.

दुसरी चूक त्या खळग्याचे निरीक्षण पावसाळ्यात न करण्याची आहे. त्यात एखाद्या दुर्मिळ वनस्पतीचे कंद असतील तर ते पहिल्याच दिवशी मातीबरोबर बाहेर फेकले जातील. हे नुकसान मागाहून भरून काढता येत नाही. पाणी साठविण्याच्या योजनेने पाणवनस्पती नष्ट व्हावी, ही गोष्ट विचित्र वाटली तरी अशक्य नाही. कारण पावसाळी डबके व कायमचे खोल तळे या दोन अगदी भिन्न जागा आहेत.

यावर मार्ग असा आहे. शेततळ्याची जागा खळग्याच्या खालच्या अंगास, जेथे मातीचा थर पुरेसा आहे, तेथे घ्यावी. खळगा भरून वाहणारे पाणी चर काढून तळ्यात आणावे, पण चराचे तोंड खळग्याच्या नैसर्गिक सांडव्यापेक्षा खोल करू नये. तसे केल्यास खळगा वेळेआधी रिकामा होईल. खोदलेली माती व दगड खळग्यात टाकू नयेत. या पद्धतीने शेतकऱ्यास पाणी मिळते, खडक फोडण्याचा खर्च वाचतो आणि डबकेही राहते. जागा निश्चित करण्यापूर्वी एक पावसाळा पाहून घेणे शक्य असल्यास तेच उत्तम.

पाहणी व नोंद

ग्रामकार्यकर्त्याने आपल्या गावातील पावसाळी डबक्यांची एक वही ठेवावी. त्यासाठी वर्षातून चार फेऱ्या पुरेत. पहिली जूनअखेर पाने फुटल्यावर, दुसरी जुलैअखेर तुरे आल्यावर, तिसरी सप्टेंबरात फळे धरल्यावर व चौथी एप्रिलमध्ये. चौथ्या फेरीत कोरड्या खळग्याच्या कडेस दगडांची खूण करावी, म्हणजे उन्हाळ्यात कोणी अजाणतेपणी तेथे मुरूम काढणार नाही किंवा राडारोडा टाकणार नाही.

प्रत्येक नोंदीत पुढील माहिती असावी: तारीख, गावाचे व शिवाराचे नाव, जमीन खाजगी, गायरान की वनखात्याची, खळग्याची लांबी-रुंदी पावलांत, पाण्याची खोली काठीने मोजून, तुऱ्यांची अंदाजे संख्या, तुरा एकेरी की दुहेरी, शेजारच्या वनस्पती. सह्याद्रीच्या पठारांवर डबक्यांच्या कडेस 'गेंद' व 'सीतेची आसवे' यांसारख्या वनस्पती दिसल्यास त्यांचीही नोंद करावी. त्यांवरून जागा ओलसर, उथळ व निकस मातीची आहे हे कळते.

मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. एक संपूर्ण डबक्याचे, एक पूर्ण झाडाचे, एक पानाचे उजेडाकडे धरून व एक तुऱ्याचे जवळून. तुऱ्याशेजारी एखादे नाणे किंवा मोजपट्टी धरावी. कंद उपटून नेऊ नये. घरच्या हौदात लावून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण पावसाळी डबक्याची उथळ खोली व उन्हाळ्याची कोरडी विश्रांती हौदात मिळत नाही. वनजमिनीवर तर परवानगीवाचून काहीच तोडू नये.

तुरा दुहेरी आढळल्यास, किंवा इतर कोणतीही वनस्पती नीट ओळखता न आल्यास, छायाचित्रे जाणत्या संस्थेकडे पाठवावीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. पुण्यातीलच आघारकर संशोधन संस्थेत वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाणवनस्पतींच्या प्रजातीचा विशेष अभ्यास केला. मुठा खोऱ्यातून पुणे जवळ असल्याने येथील कार्यकर्त्यास तज्ज्ञांचा सल्ला मिळण्याची सोय इतरांपेक्षा अधिक आहे.

ग्रामपंचायतीचे काम

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते. गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे मुख्य काम होय. राज्यात या कामाचे मार्गदर्शन महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ करते व त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

अनेक ठिकाणी ही नोंदवही तयार होते व कपाटात पडून राहते. तिचा खरा उपयोग जागेचा निर्णय करताना आहे. खाणीचा परवाना, रस्त्याचे काम, शेतघरांसाठी माळाची विक्री किंवा तळ्याची योजना ग्रामसभेपुढे आली असता, त्या गटातील डबक्याची नोंद वहीत आहे की नाही, हे प्रथम पाहण्याची प्रथा पाडावी. नोंद तारीखवार व छायाचित्रांसह असेल तर तिला वजन येते. नोंद नसेल तर 'तेथे काहीतरी फुलत असे' एवढ्या आठवणीवर काम थांबत नाही.

या कामी गुराखी, भात लावणाऱ्या बाया व शाळेतील मुले यांचे साहाय्य अवश्य घ्यावे. कोणत्या खळग्यात पाणी किती दिवस टिकते व तेथे काय उगवते, हे त्यांना कोणाही अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांनी सांगितलेले स्थानिक नावही जसेच्या तसे लिहून घ्यावे.

तात्पर्य

वायतुरा ही उथळ पावसाळी डबक्यात वाढणारी, दुभंगलेल्या तुऱ्याची, नर व मादी झाडे वेगळी असणारी, सह्याद्रीतील संकटग्रस्त वनस्पती आहे. ती तिच्या जागेवाचून राखता येत नाही आणि ती जागा वर्षातून सहासात महिने ओसाड दिसते. मुठा खोऱ्यातील कार्यकर्त्यास प्रत्यक्ष वायतुरा आढळो वा न आढळो, कोरड्या खळग्यास पडीक म्हणण्यापूर्वी तो एकदा भर पावसात पाहून येणे, हा धडा त्याने घ्यावा.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. एकेरी तुरा सामान्य जातीचा. दुहेरी तुरा दिसल्यास नोंद करून तज्ज्ञांस कळवावे.
२. निदान दहा झाडे पाहिल्यावाचून निर्णय करू नये.
३. कंद उपटू नये. छायाचित्र पुरेसे आहे.
४. उन्हाळ्यातील पाहणीवरून डबक्याची किंमत ठरवू नये.
५. शेततळे खळग्यात न खोदता त्याच्या खालच्या अंगास, मातीच्या जागी घ्यावे.
६. डबक्याची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत तारीखवार करावी व जागेचा निर्णय करताना ती ग्रामसभेत वाचावी.